इंडियन सीएमए करू का अमेरिकन? बुटीबोरीत नोकरी करणाऱ्या मुलीला माझं सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तू लिहिलंस की वय २५, नागपूर विद्यापीठाचं बी.कॉम., तीन वर्षांपासून नागपूरजवळ बुटीबोरीला कोरुगेटेड, म्हणजे पुठ्ठ्याच्या, बॉक्सच्या कारखान्यात अकाउंट्सला आहेस, पर्चेसची बिलं, टॅली आणि जीएसटी सांभाळतेस, आणि आता पुढे सरकायचं आहे. क्लासवाला म्हणतो इंडियन सीएमए, म्हणजे मालाचा खर्च काढायला शिकवणारी कॉस्टिंगची पदवी, आता जुनी झाली, अमेरिकन घे, सात-आठ महिन्यांत होऊन जाते. मामा म्हणतात करायचंच तर सीए कर. घरचे म्हणतात आता या वयात काहून परीक्षा. आणि तू विचारलंस, ताई खरं काय ते सांगा, नोकरी सोडून करू का नोकरी करता करता, आणि मराठी मीडियमवाल्यांना जमते का.

मी २००२ पासून कॉस्ट अकाउंटंट आहे, आधी दहा वर्षं कारखान्यात नोकरी आणि नंतर नागपुरातच स्वतःची प्रॅक्टिस, त्यामुळे जे सांगते ते बघून, करून सांगते. लांब होईल पण वाच.

आधी नावाचा गोंधळ मिटवू, कारण अर्धे लोक तिथेच फसून राहिले. आपल्या देशातली सीएमए म्हणजे जिला जुने लोक अजूनही आयसीडब्ल्यूए म्हणतात तीच, कोलकात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाची. ही संस्था १९४४ ला सुरू झाली, महायुद्ध चालू होतं, सरकार कारखान्यांकडून माल घ्यायचं आणि खर्च अधिक ठरावीक नफा असा भाव द्यायचं, मग खर्च खरा किती हे तपासणारी माणसं लागली. १९५९ ला संसदेने त्यासाठी कायदा केला. पूर्वी नाव कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स असं होतं, त्यातलं वर्क्स २०१२ ला गेलं, त्याच्या आधी आम्ही सगळे आयसीडब्ल्यूएच होतो, म्हणून माझ्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर जुनंच नाव आहे आणि मला ते आवडतं, कारण वर्क्स म्हणजे कारखाना. अमेरिकन सीएमए वेगळी, ती तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्सची, संस्था १९१९ ची आणि ही परीक्षा १९७२ पासूनची. तिसरी इंग्लंडची सीआयएमए, तीही संस्था १९१९ चीच. तिन्ही चांगल्या आहेत. तिन्हीत जे शिकवतात त्यातला मोठा भाग सारखाच आहे, बजेट, स्टँडर्ड कॉस्टिंग, व्हेरिअन्स, मार्जिनल कॉस्टिंग, कुठल्या मशीनमध्ये पैसा घालायचा. फरक आहे तो त्या शिक्क्याने कुठलं दार उघडते याचा.

भारतात कंपनी कायदा २०१३ चं कलम १४८ आणि त्याखालचे २०१४ चे कॉस्ट रेकॉर्ड्स अँड ऑडिटचे नियम, हे आपल्या धंद्याचं मूळ. यादीतल्या उद्योगात असलेल्या कंपनीची एकूण उलाढाल ३५ कोटी किंवा जास्त असली की तिला कॉस्ट रेकॉर्ड, म्हणजे मालाच्या खर्चाच्या नोंदी, ठेवावे लागतात, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यातून सूट आहे. त्याच्या वर गेलं की कॉस्ट ऑडिट, म्हणजे त्या नोंदींची तपासणी, लागते, वीज, साखर, औषधं अशा रेग्युलेटेड उद्योगात एकूण ५० कोटी आणि त्या मालाची २५ कोटी, बाकीच्या उद्योगात एकूण १०० कोटी आणि त्या मालाची ३५ कोटी. आता तू आपल्या विदर्भाचा नकाशा डोळ्यासमोर आण. कोराडी-खापरखेड्याची वीज, वेकोलिचा कोळसा, मॉइलचं मँगनीज, चंद्रपूरकडचं सिमेंट, बल्लारपूरचा कागद, हिंगणघाट आणि बुटीबोरीच्या सूतगिरण्या, वर्ध्याकडचं स्टील. हे उद्योग जवळपास सगळे त्या यादीत येतात. आणि त्या कॉस्ट ऑडिट रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार फक्त इंडियन सीएमएला, तेही प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट घेतलेल्याला. अमेरिकन सीएमएवाला कितीही हुशार असो, ती सही त्याला करता येत नाही. सरकारी कंपन्यांच्या फायनान्सच्या जागांच्या जाहिराती उघडून बघ, कोल इंडियाची बघ, तिथे सीए किंवा आयसीडब्ल्यूए असंच लिहिलेलं असते.

म्हणून क्लासवाल्याला तू एवढंच विचारायचं होतंस की जुनी झाली म्हणजे काय झालं, कायदा बदलला का? नाही बदलला. त्याला विकायचं आहे ते तो विकतो, त्याच्यावर माझा राग नाही, पण तुझे पैसे तुझ्या घामाचे आहेत.

आता अमेरिकनचं प्रामाणिकपणे सांगते, कारण ती वाईट अजिबात नाही. दोनच पार्ट, प्रत्येक पेपर चार तासांचा, ५०० पैकी ३६० स्कोअर लागतो, वर्षात तीनदा परीक्षेची खिडकी उघडते, जानेवारी-फेब्रुवारी, मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. डिग्री आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अनुभव परीक्षेनंतर पूर्ण केला तरी चालते. बहुराष्ट्रीय कंपन्यांची जी मोठी ऑफिसं पुण्यात, हैदराबादेत, बंगलोरला आहेत, जिथून जगभरच्या फॅक्टऱ्यांचे आकडे बघतात, तिथे या शिक्क्याला मान आहे, आखाती देशातही आहे. ज्याला तिकडे जायचं आहे आणि ज्याच्याकडे आधीच एखादी चांगली डिग्री किंवा चार-पाच वर्षांचा अनुभव आहे त्याने जरूर करावी. पण फी डॉलरमध्ये, मेंबरशिप दरवर्षी डॉलरमध्ये, क्लास वेगळा, सगळं मिळून लाख-दीड लाखाच्या पुढे जाते, आणि नागपुरात राहून कारखान्यात काम करायचं असेल तर तेवढा खर्च लवकर वसूल होताना मी पाहिला नाही. तू प्रश्नात लिहिलंस की आई-बाबांना सोडून नागपूरच्या बाहेर जायचं नाही. त्या एका वाक्यावर माझं उत्तर ठरते, इंडियन कर. पुढे पाच वर्षांनी वाटलं तर अमेरिकन वरून करता येते आणि तेव्हा तुला ती सोपी जाईल, कारण अभ्यास बराचसा झालेला असेल.

मामांचं सीएचं म्हणणं, तर सीए मोठीच पदवी आहे, कंपनीचं स्टॅच्युटरी ऑडिट आणि इन्कम टॅक्सचं टॅक्स ऑडिट ते सीएच करतात, आपल्याला करता येत नाही, हे मी लपवणार नाही. पण सीएला आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली थोड्या स्टायपेंडवर ट्रेनिंग, करावी लागते आणि तुझ्या घरी तुझा पगार लागतो असं तूच लिहिलंस. आणि दुसरं म्हणजे, तुझ्या प्रश्नात एक ओळ होती जी तू सहज लिहून गेलीस, की मालक बॉक्सचा रेट काढतात तो कसा काढतात ते मला कळत नाही आणि मला ते विचारावंसं वाटते. ज्याला हे विचारावंसं वाटते ना, त्याची जागा आमच्याकडे आहे.

त्या रेटबद्दलच बोलू, म्हणजे ही विद्या नेमकी काय करते ते तुला तुझ्याच कारखान्यात दिसेल. बॉक्सवाले बहुतेक कसे करतात, पेपरचं वजन गुणिले पेपरचा रेट, त्यावर किलोमागे कन्व्हर्जन, म्हणजे पेपरचा बॉक्स करायचा खर्च, त्यावर सरसकट पाच टक्के वेस्टेज, आणि नफा. आता समज तुमच्या रीलचा डेकल, म्हणजे रुंदी, १२० सेंटिमीटर आहे. एका बॉक्सच्या शीटची रुंदी ५४ आहे, रीलवर दोन बसतात, १०८ वापरले गेले, १२ सेंटिमीटरची पट्टी कापून गेली, म्हणजे दहा टक्के. दुसऱ्या बॉक्सची रुंदी ३९ आहे, तीन बसतात, ११७ झाले, ३ गेले, म्हणजे अडीच टक्के. मालकाने दोघांना पाच टक्केच लावले. पहिल्या बॉक्सला महिन्याला २० टन पेपर लागत असेल तर दोन टन ट्रिम, म्हणजे कापून गेलेली पट्टी, निघते पण वसूल एकाच टनाची होते. पेपर ३५ रुपये किलो आणि रद्दी १५ ने जाते असं धर, तर महिन्याला वीस हजार रुपये एका ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये निघून जातात आणि टॅलीत ते कुठेच वेगळे दिसत नाहीत, कारण टॅलीत एकूण पेपर खरेदी आणि एकूण रद्दी विक्री एवढंच आहे. खरं नुकसान त्याच्याही पुढे आहे. पहिल्या ग्राहकाला तुमचा भाव बाजारापेक्षा स्वस्त पडतो म्हणून तो ऑर्डर वाढवत राहतो, दुसऱ्याला महाग पडतो म्हणून तो हळूच दुसरीकडे जातो. कारखान्यात काम भरपूर आणि हातात पैसा नाही, मालक म्हणतो धंदा मंदा आहे. धंदा मंदा नाही, सरासरीने त्याला फसवलं.

आणि हे सापडल्यावर काय करायचं, तर नुसता भाव वाढवायचा नाही. पहिल्या बॉक्ससाठी वेगळ्या डेकलचा रील मागवता येतो का, दोन साइज एकत्र चालवून ५४ च्या बाजूला दुसरं काही बसते का, ग्राहकाला बॉक्सची उंची थोडी कमी-जास्त चालेल का. हे प्रश्न अकाउंट्सचे नाहीत, प्लॅनिंगचे आणि मशीनचे आहेत, पण ते विचारायला लावणारा आकडा आपण देतो. मॅनेजमेंट अकाउंटिंग म्हणजे हेच. उद्या प्रिंटिंग मशीन पूर्ण भरलं असेल तर आणखी एक हिशेब लागतो, समज पहिल्या बॉक्सवर तीन रुपये कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे विक्रीतून मालासारखा बदलता खर्च जाऊन उरलेले, आणि तासाला १५०० बॉक्स निघतात, म्हणजे तासाला साडेचार हजार रुपये, दुसऱ्यावर दोन रुपये वीस पैसे पण तासाला २५०० निघतात, म्हणजे साडेपाच हजार. नगावर बघितलं तर पहिला चांगला, तासावर बघितलं तर दुसरा. पुस्तकात याला लिमिटिंग फॅक्टर म्हणतात, परीक्षेत इंटरमिजिएटला येते, फायनलला परत येते, आणि मी आजही दर आठवड्याला कुठल्यातरी कारखान्यात हाच हिशेब करते.

आता माझी एक गोष्ट सांगते, ती मी सहसा लिहीत नाही. १९९९ ला ट्रेनिंगसाठी मी नागपूरजवळच्या एका सूतगिरणीत होते. मे महिना, ४५-४६ डिग्री, गोडाऊनचा फिजिकल स्टॉक घ्यायला मला पाठवलं. कापसाच्या गाठी डिसेंबर-जानेवारीत घेतलेल्या, प्रत्येक गाठ १७० किलोची नोंदलेली. मी वीसेक गाठी वजन करून बघितल्या तर सरासरी साडेचार किलो कमी. बाराशे गाठी होत्या, म्हणजे पाच टनांच्या वर कापूस कागदावर आहे आणि गोडाऊनमध्ये नाही. मी नुकतंच ॲबनॉर्मल लॉस शिकले होते. रिपोर्टमध्ये लिहिलं, असाधारण घट, चौकशी व्हावी. मला वाटलं मोठी गोष्ट शोधली. दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या बाबांना, रिटायरमेंटला वर्ष-दीड वर्ष राहिलं असेल त्यांचं, ऑफिसच्या बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशीही. कोणी चोर म्हटलं नाही पण सगळे तसंच बघत होते.

तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका मुलीने मला बोलावून ओलाव्याचं रजिस्टर दाखवलं. गाठी आल्या तेव्हा कापसात ओलावा साडेआठ टक्के, मेमध्ये सहा. १७० किलोच्या गाठीत साडेआठ टक्क्यांनी साडेचौदा किलो पाणी, बाकी साधारण १५५ किलो कोरडा कापूस. तोच कोरडा कापूस सहा टक्के ओलाव्यावर आला की गाठ भरते १६५ किलो आणि वर अर्धा. झाले साडेचार किलो. पाणी उडालं होतं, नागपूरच्या उन्हाने नेलं होतं, आणि मी ते एका माणसाच्या माथी मारलं होतं. मी रिपोर्ट बदलला, मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, मग बाबांकडे जाऊन माफी मागितली. ते एवढंच म्हणाले की पोरी, आधी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दरवर्षीच होते.

तेव्हापासून माझा नियम आहे, कुठलाही फरक दिसला की पेन उचलायच्या आधी त्या माणसाकडे जायचं जो रोज त्या मालाला हात लावतो. नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल लॉस यातला फरक परीक्षेत एका ओळीचा आहे, नॉर्मलचा खर्च चांगल्या मालावर चढतो, ॲबनॉर्मलचा नफा-तोट्यात वेगळा जातो. पण कुठला लॉस नॉर्मल हे पुस्तक सांगत नाही, ते ऊन सांगते, मशीन सांगते, गोडाऊनचे बाबा सांगतात. तुमच्याकडे पेपरच्या रीललाही हेच लागू आहे बरं का, पावसाळ्यात घेतलेला रील उन्हाळ्यात तेवढाच भरणार नाही. तुमच्या स्टोअरच्या घटीचे आकडे महिन्याप्रमाणे मांडून बघ एकदा.

म्हणूनच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नोकरी सोडू नको. तू रोज कारखान्याच्या आत जातेस, ही अशी गोष्ट आहे जी क्लासमधल्या पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्या मुलांकडे नाही. त्यांना जॉब कार्ड, मटेरियल इश्यू स्लिप, मशीन अवर रेट हे शब्द पाठ करावे लागतात, तुला ते टेबलावर पडलेले दिसतात. शिवाय फायनलपर्यंत पंधरा महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग लागतेच आणि पुढे मेंबरशिपला तीन वर्षांचा अनुभव लागतो, योग्य स्वरूपाचं काम असेल तर नोकरीचा काळ त्यात धरता येतो, त्यामुळे तू आत्ताच मालकांना सांगून कामात थोडं कॉस्टिंग घ्यायला सुरुवात केली तर दोन्हीकडे उपयोग. नुसतं जीएसटी रिटर्न भरणं आणि बिलं चढवणं यावर थांबू नको.

कोर्सचं थोडक्यात, तू ग्रॅज्युएट आहेस म्हणून फाउंडेशन लागत नाही, थेट इंटरमिजिएट. दोन ग्रुप, प्रत्येकी चार पेपर. मग फायनल, परत दोन ग्रुप, आठ पेपर, त्यातला शेवटचा निवडीचा. परीक्षा वर्षात दोनदा, जून आणि डिसेंबर. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये सरासरी ५०. हा पन्नासवाला नियम नीट समजून घे, कारण इथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. चारही पेपरात ४२, ४४, ४५, ४१ आले तर प्रत्येकात पास आणि ग्रुपमध्ये नापास, कारण बेरीज १७२ आणि लागतात २००. म्हणजे चारही विषय कसेबसे काढायचे हा प्लॅन चालतच नाही, एक-दोन विषय असे पाहिजेत ज्यात ६०-६५ येतील. ६० किंवा वर आले तर ग्रुप गेला तरी त्या पेपरला पुढे सूट मिळते हा दुसरा फायदा. तुझे ते विषय कोणते हे पहिल्या महिन्यातच ठरव, मला वाटते कॉस्ट अकाउंटिंग आणि टॅक्स, जीएसटी तू रोज करतेसच.

नोकरी असताना एका वेळी एकच ग्रुप घे. दोन्ही ग्रुप एकत्र घे म्हणणारे बरेच भेटतील, दोन्ही एकत्र निघाले की बेरीज एकमेकाला सावरते हेही खरं आहे, पण बुटीबोरीला जाऊन-येऊन दीड-दोन तास आणि महिनाअखेरचं क्लोजिंग, यात आठ विषय म्हणजे आठही अर्धे. सकाळी साडेपाच ते साडेसात दोन तास, आणि रविवारी सहा तास, एवढं सहा महिने न चुकता केलं तर एक ग्रुप होतो, मी होताना पाहिलाय, माझ्याकडे ट्रेनिंगला असलेल्या नोकरीवाल्या मुलामुलींचा झालाय. कंपनीच्या बसमध्ये गणितं होत नाहीत, तिथे लॉ वाच. आणि डिसेंबरची टर्म मिळाली तर ती धर. जूनची परीक्षा आपल्याकडे पाऊस यायच्या ऐन तोंडावर येते, अंगाची लाही लाही होऊन राहिली असते, एप्रिल-मेमध्ये दुपारचा अभ्यास होत नाही आणि मार्चएंडचं ऑफिसचं काम एप्रिल खाऊन टाकते. पण जूनच मिळाली तर ती सोडायचीही नाही, फक्त अभ्यास नोव्हेंबरपासून धरायचा.

क्लास लावायचा का? कॉस्टिंग आणि फायनान्शिअल मॅनेजमेंटला लाव, ऑनलाइनही चालेल. बाकी विषयांना इन्स्टिट्यूटचं स्वतःचं स्टडी मटेरियल वेबसाइटवर फुकट आहे, जुन्या पेपरांची सुचवलेली उत्तरं आहेत, मॉक टेस्टचे पेपर आहेत, लोक ते उघडत नाहीत आणि वीस हजाराच्या नोट्स विकत घेतात. नागपूरला इन्स्टिट्यूटचं चॅप्टर आहे, तिथे एकदा स्वतः जाऊन ये, ट्रेनिंग, ओरल कोचिंग, अर्ज या सगळ्याची नीट माहिती समोरासमोर मिळते आणि सोबत अभ्यास करणारं कोणीतरी भेटते, ते फार लागते.

मराठी मीडियमचं. मीही मराठी शाळेतलीच, नागपूरच्या महाल भागातल्या. भीती इंग्रजीची नसते, लिहिण्याची असते. तीन तास हाताने लिहायचं असते आणि कॉलेजनंतर आपण हाताने एक पानसुद्धा लिहीत नाही. रोज एक प्रश्न घड्याळ लावून पूर्ण लिही, डोक्यात सोडवायचा नाही, कागदावर, वर्किंग नोट्ससकट. उत्तर चुकलं तरी वर्किंग नोट्सला मार्क मिळतात आणि उत्तर बरोबर असून वर्किंग नसेल तर जातात. लॉच्या पेपरात लांब इंग्रजी लागत नाही, तरतूद काय, इथे काय घडलं, म्हणून निष्कर्ष काय, तीन छोटी वाक्यं. मी तेव्हा एक वही केली होती, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा अर्थ माझ्या भाषेत, शब्दकोशातला नाही, मला समजलेला. ॲब्सॉर्प्शनसमोर मी लिहिलं होतं, भाड्याचा वाटा प्रत्येक नगाच्या डोक्यावर. ती वही फायनलपर्यंत पुरली.

सोबत एक्सेल पक्कं कर, पिव्होट टेबल आणि लुकअप तर यायलाच पाहिजेत, पॉवर क्वेरी शिकलीस तर दोन दिवसांचं काम तासात होते. मोठ्या कंपनीत जायचं झालं तर सॅप या सॉफ्टवेअरमध्ये कॉस्ट सेंटर, बिल ऑफ मटेरियल कसं बसते हे माहीत पाहिजे. पण हे सगळं दुसरं, आधी हिशेब समजला पाहिजे, नाहीतर चुकीचा आकडा जास्त वेगाने निघतो.

घरच्यांचं, वयाचं. पास व्हायला तुला नोकरी करत तीन वर्षं धर, एखादा ग्रुप अडकला तर साडेतीन-चार. तू २८-२९ ची होशील. परीक्षा दिली नाहीस तरी २८-२९ ची होशीलच. मी फायनलचा दुसरा ग्रुप दिला तेव्हा लग्न झालेलं होतं आणि मुलगा आठ महिन्यांचा होता, सासूबाई त्याला घेऊन परीक्षा केंद्राच्या बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. प्रत्येकीला अशी साथ मिळत नाही हे मला माहीत आहे, म्हणून घरी आत्ताच मोकळं बोलून घे की सकाळचे दोन तास माझे, त्यात चहाही कोणी मागायचा नाही. बाबांना माझं हे उत्तर दाखवायचं असेल तर दाखव. आणि यूजीसीने २०२१ मध्ये सीए, सीएस आणि ही आपली पदवी पोस्ट ग्रॅज्युएशनच्या बरोबरीची मानली आहे, हेही त्यांना सांग, वडीलधाऱ्यांना अशा गोष्टीने बरं वाटते.

पगाराचं विचारलंस, आकडा मी सांगणार नाही कारण कंपनीप्रमाणे फार बदलते, आणि जो कोणी तुला पास झाल्याबरोबर अमुक लाखांचं पॅकेज सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नको. एवढं मात्र बघितलंय की ज्या मुलीने मालकासमोर कागद ठेवून दाखवलं की या ऑर्डरमध्ये तुमचे महिन्याला वीस हजार जाताहेत, तिला पगारवाढ मागावी लागली नाही, तिच्या हातात सर्टिफिकेट यायचं होतं तेव्हाही.

जूनच्या टर्मला बसायचं तर रजिस्ट्रेशन आधीच्या ३१ जानेवारीपर्यंत, डिसेंबरसाठी ३१ जुलैपर्यंत, शेवटच्या दिवसाची वाट बघू नको, मार्कशीट आणि डिग्रीचे स्कॅन आजच करून ठेव. आणि उद्या ऑफिसला गेलीस की तुमच्या स्टोअरवाल्यांना विचार, महिन्याचा स्टॉक कधी मोजता. त्या दिवशी मलाही सोबत राहू द्या म्हण. जाताना एक मोजपट्टी ने, सगळ्यात जास्त चालणाऱ्या पाच बॉक्सच्या शीटची रुंदी लिहून आण, आणि प्रत्येकाची ट्रिम काढून मला पाठव, मी बघून देते.